दुबळ्याची तक्रार आणि बलिष्ठ शेजारी



आजच्या व्याख्यानाचा विषय वाचून आपल्यापैकी काहींना नवल वाटले असेल. हमालांच्या आणि जिनिंग-प्रेसिंगच्या कामगारांच्या युनियनमध्ये ज्याचे निम्मे आयुष्य गेले, त्याने परराष्ट्रीय राजकारणावर काय बोलावे? माझे शाळेतले शिक्षण थोडे, पुढचे सारे वाचनालयाच्या बाकावर झालेले. तरीही हा विषय मी चालकांकडून मागून घेतला, त्याला दोन कारणे आहेत. पहिले असे की, आपल्यापेक्षा पुष्कळ बलवान असलेल्या पक्षासमोर बसून ‘तुमच्याकडून आम्हाला धोका वाटतो’ हे कसे सांगावे, हा प्रश्न जसा राष्ट्रांपुढे उभा राहतो तसाच तो वीस हमालांपुढेही उभा राहतो. दुसरे कारण अधिक जवळचे आहे. हा प्रश्न १९४७ आणि १९४८ साली आपल्या या परभणी जिल्ह्याच्या उंबऱ्यावर येऊन उभा होता. त्या वेळी आपला जिल्हा हैदराबाद संस्थानात होता, आणि संस्थानाचा बलिष्ठ शेजारी म्हणजे भारत.

१७ सप्टेंबर आपण मुक्तिदिन म्हणून पाळतो, आणि तो पाळावा असाच दिवस आहे. परंतु त्या दिवसाच्या आधी चार आठवडे निजाम सरकारने संयुक्त राष्ट्रसंघाच्या सुरक्षा परिषदेकडे भारताविरुद्ध एक तक्रार पाठविली होती, हे आपल्यातल्या पुष्कळांना ठाऊक नसते. ज्यांना ठाऊक असते ते एका वाक्यात तिची वासलात लावतात. माझ्या मते ती तक्रार नीट समजून घेण्यासारखी आहे. ती काय होती, ती का पडली, आणि आज ज्या देशाचे आपण नागरिक आहोत त्याने तिच्यातून काय घ्यावे, एवढेच मला आज सांगावयाचे आहे.

तक्रारीच्या पायऱ्या

कामगारांना एक क्रम पाठ असतो. आधी मालकाला मागणीपत्र द्यावयाचे आणि समोरासमोर बोलावयाचे. ते फिसकटले तर समेट अधिकाऱ्याकडे जावयाचे. तेथेही जमले नाही तर लवाद किंवा न्यायाधिकरण. १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्याने हा क्रम घालून दिला होता. गंमत अशी की, त्याच्या दोन वर्षे आधी, १९४५ साली झालेल्या संयुक्त राष्ट्रसंघाच्या सनदेतही जवळजवळ हाच क्रम आहे. तेहतिसाव्या कलमात सांगितले आहे की, शांततेला धोका पोचेल असा तंटा असल्यास पक्षांनी प्रथम वाटाघाट, मध्यस्थी, समेट, लवाद, न्यायालय अशा शांततेच्या मार्गांनी तो मिटवावा. तसा तो मिटत नसेल तर पस्तिसावे कलम. त्याच्या पहिल्या पोटकलमाने सभासद राष्ट्र आपले गाऱ्हाणे सुरक्षा परिषदेपुढे नेऊ शकते, आणि दुसऱ्याने सभासद नसलेले राज्यही नेऊ शकते.

काश्मीरचे प्रकरण भारताने १ जानेवारी १९४८ रोजी सुरक्षा परिषदेकडे नेले ते याच पस्तिसाव्या कलमाखाली. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये त्याच कलमाच्या दुसऱ्या पोटकलमाखाली हैदराबादने भारताला त्याच परिषदेपुढे खेचले. एकाच वर्षात भारत त्या दारात एकदा फिर्यादी म्हणून आणि एकदा आरोपी म्हणून उभा राहिला. म्हणून ‘युनोकडे जाणे म्हणजे देशद्रोह’ असे सरसकट बोलणे बरोबर नाही. दार सर्वांसाठी होते. प्रश्न एवढाच की, त्या दारातून आत जाणाऱ्याच्या पाठीशी कोण उभे होते.

तैनाती फौजेपासूनचा इतिहास

हैदराबाद हे लहानसहान संस्थान नव्हते. बेऐंशी हजार चौरस मैलांहून अधिक मुलूख, १९४१ च्या शिरगणतीप्रमाणे एक कोटी त्रेसष्ट लाखांच्या आसपास वस्ती आणि सोळा जिल्हे. त्यांतले पाच मराठवाड्याचे. परंतु या संस्थानाला समुद्र नव्हता, आणि परराष्ट्रांशी बोलण्याची सवय दीडशे वर्षांपूर्वीच मोडलेली होती. ती कशी मोडली हे पाहण्यासारखे आहे, कारण तेही बलिष्ठ शेजाऱ्याच्या भीतीतूनच घडले.

अठराव्या शतकात निजामाचा बलिष्ठ शेजारी म्हणजे मराठे. १७६० साली उदगीर, १७६३ साली गोदाकाठी राक्षसभुवन, आणि १७९५ च्या मार्च महिन्यात खर्डा, असे पराभव त्याने घेतले. खर्ड्याच्या वेळी त्याने इंग्रजांकडे पाहिले. १७९० साली टिपूविरुद्ध तिघांचा तह झालेला होता, तेव्हा कंपनी मध्ये पडेल अशी त्याची आशा होती. गव्हर्नर-जनरल सर जॉन शोअर याने तटस्थ राहण्याचे ठरविले. पुढे वेलस्ली आला आणि त्याने मदत देऊ केली, परंतु तिची किंमत ठरवून. १७९८ आणि १८०० च्या तहांनी निजामाने तैनाती फौज पत्करली, तिच्या खर्चासाठी मुलूख दिला, आणि कंपनीला विचारल्यावाचून दुसऱ्या कोणत्याही सत्तेशी बोलणी न करण्याचे मान्य केले. मराठ्यांची भीती गेली, पण स्वतःच्या सुरक्षेविषयी जगात कोणाशी बोलण्याचा हक्कही तिच्याबरोबरच गेला. शेजाऱ्याच्या धाकाने तिसऱ्याच्या आश्रयाला जाणाराचे पुष्कळदा असेच होते.

या हक्काची परीक्षा पुढे एकदा झाली. वऱ्हाड परत मिळावे म्हणून सातव्या निजामाने, मीर उस्मान अलीखानाने, मागणी लावून धरली, आणि अंतर्गत कारभारात आपण ब्रिटिश सरकारच्या बरोबरीचे दोस्त आहोत अशी भूमिका घेतली. २७ मार्च १९२६ च्या पत्रात व्हॉइसरॉय लॉर्ड रीडिंग याने स्वच्छ उत्तर दिले की, हिंदुस्थानात ब्रिटिश सत्ता सर्वश्रेष्ठ आहे आणि कोणत्याही संस्थानिकाला तिच्याशी बरोबरीच्या नात्याने बोलणी करण्याचा दावा सांगता येणार नाही. हे पत्र नीट लक्षात ठेवा. बावीस वर्षांनी दिल्लीच्या बाजूने जो युक्तिवाद झाला त्याचे मूळ या पत्रात सापडते.

जैसे थे करार

जून १९४७ मध्ये निजामाने फर्मान काढले की, इंग्रज गेल्यावर आपण स्वतंत्र सार्वभौम राजे होणार. भारतात सामील व्हावयाचे नाही, पण भारतावाचून चालतही नाही, कारण चारी बाजूंनी भारत. या कोंडीतून २९ नोव्हेंबर १९४७ रोजी एक वर्ष मुदतीचा करार झाला. त्यालाच आपण ‘जैसे थे करार’ म्हणतो. कामगार न्यायालयातला ‘जैसे थे’चा हुकूम ज्यांनी पाहिला असेल त्यांना त्याचा अर्थ समजावून सांगावयास नको. खटल्याचा निकाल लागेपर्यंत कोणी काही बदलू नये. मालकाने कामावरून काढू नये, आणि कामगारांनीही नवे काही करू नये.

त्या करारात मुख्य गोष्टी अशा होत्या. परराष्ट्र व्यवहार, संरक्षण आणि दळणवळण या सामाईक बाबींत १५ ऑगस्टपूर्वी इंग्रजांशी जी व्यवस्था होती तीच भारताशी चालू राहावी. दोघांनी एकमेकांकडे आपले मुखत्यार ठेवावेत. त्याप्रमाणे कन्हैयालाल मुन्शी भारताचे एजंट-जनरल म्हणून हैदराबादेस आले. संस्थानातील अंतर्गत शांततेसाठी फौज पाठविण्याचा किंवा युद्धकाळ सोडून तेथे फौज ठेवण्याचा हक्क भारताला मिळत नाही. आणि चौथी गोष्ट, जिच्याकडे मी आपले विशेष लक्ष वेधू इच्छितो. करारातून उद्भवणारा कोणताही वाद लवादाकडे सोपवावा; प्रत्येक बाजूने एक लवाद नेमावा, आणि त्या दोघांनी मिळून एक सरपंच निवडावा.

हा लवाद शेवटपर्यंत बसला नाही. वाद मात्र पहिल्या दोन महिन्यांतच सुरू झाले.

दोन्हीकडची गाऱ्हाणी

भारताचे म्हणणे असे होते. हैदराबादने वटहुकूम काढून सोन्याचांदीची निर्यात अडविली आणि भारतीय चलन संस्थानात व्यवहारातून बाद केले. पाकिस्तानला वीस कोटींचे कर्ज भारत सरकारच्या रोख्यांच्या रूपाने देऊ केले. सिडने कॉटन नावाचा ऑस्ट्रेलियन वैमानिक कराचीहून रात्री विमानाने शस्त्रे आणून उतरवीत होता. रझाकारांचे हल्ले सरहद्दीपलीकडच्या गावांवरही होत होते. मे १९४८ मध्ये गाणगापूर स्टेशनात मद्रास–मुंबई मेलवर हल्ला झाला, आणि त्याचे पडसाद देशभर उमटले.

हैदराबादचे म्हणणे असे होते. भारताने नाकेबंदी चालविली आहे. मीठ, पेट्रोल, औषधे यांची आवक अडते. ठरलेली शस्त्रे मिळत नाहीत. सरहद्दीलगत भारताच्या हद्दीत कॅम्प आहेत, आणि तेथून येणारे लोक संस्थानातल्या नाक्यांवर आणि चौक्यांवर हल्ले करतात. नाकेबंदीचा सरकारी हुकूम नाही असे उत्तर दिल्लीने दिले. परंतु कॅम्प होते, ही गोष्ट आपण अभिमानाने सांगतो, मग ती येथेही मान्य केली पाहिजे. पैनगंगा ओलांडली की वऱ्हाड लागत असे. उमरखेडसारख्या ठिकाणी स्टेट काँग्रेसचे कॅम्प होते, आणि आपल्या भागातली तरुण मुले तेथून काम करीत होती. स्वामी रामानंद तीर्थ यांना १५ ऑगस्ट १९४७ रोजीच पकडून तुरुंगात टाकले होते, आत सभा घ्यावयास बंदी होती. तेव्हा लढा बाहेर गेला तो आतली दारे लावून घेतल्यामुळे. तरीही एका राज्याच्या दृष्टीने पाहिले तर शेजाऱ्याच्या भूमीवरून आपल्यावर हल्ले होतात ही तक्रार खोटी नव्हती.

म्हणजे दोन्ही सरकारांची गाऱ्हाणी काही अंशी खरी होती. तिसरे एक गाऱ्हाणे मात्र कोणत्याही खलित्यात मावत नव्हते. ते सेनगाव, हिंगोली, कळमनुरीकडच्या रयतेचे. हा सारा भाग तेव्हा परभणी जिल्ह्यातच होता. हिंगोली जिल्हा वेगळा झाला तो १९९९ साली. गावावर रझाकार येतील म्हणून रात्री उशाशी बोचके बांधून निजणारी आणि प्रसंग आला की पोरेबाळे घेऊन वऱ्हाडात पळणारी माणसे आमच्या आधीच्या पिढीने पाहिली. सरकार सुरक्षेविषयी बोलते तेव्हा ते कोणाच्या सुरक्षेविषयी बोलते, हा प्रश्न त्या माणसांनी विचारला असता तर हैदराबादच्या दरबाराला त्याचे उत्तर देता आले नसते.

पॅरिसची बैठक

जून १९४८ मध्ये लॉर्ड माउंटबॅटन यांनी जाता जाता तडजोडीचा एक मसुदा पुढे केला. तो निजामाने नाकारला. माउंटबॅटन २१ जूनला भारत सोडून गेले, आणि मध्यस्थ म्हणता येईल असा माणूस उरला नाही. २१ ऑगस्ट १९४८ रोजी हैदराबादच्या परराष्ट्र खात्याने सुरक्षा परिषदेच्या अध्यक्षांना तार केली. तिचा आशय असा की, भारताकडून धमक्या, आक्रमणाचा धाक आणि आर्थिक कोंडी चालू आहे. यामुळे गंभीर तंटा उद्भवला आहे. परिषदेने लक्ष घालावे.

आता त्याच सुमारास हैदराबाद शहरात काय घडले ते ऐका. ‘इमरोज’ या उर्दू दैनिकाचे संपादक शोएबुल्लाखान भारतात विलीन होण्याच्या बाजूने निर्भयपणे लिहीत असत. २१–२२ ऑगस्टच्या रात्री घरी परतताना त्यांच्यावर हल्ला झाला, हात तोडले गेले आणि त्यांचा खून झाला. जे सरकार जगाला ‘आम्हाला संरक्षण द्या’ अशी तार करीत होते, त्याच्या राजधानीत, त्याच्याच धर्माच्या एका संपादकाला संरक्षण नव्हते. या दोन घटना शेजारी शेजारी ठेवल्या म्हणजे त्या तारेचे वजन कळते.

१३ सप्टेंबरला पहाटे भारताच्या फौजा संस्थानात शिरल्या. १६ सप्टेंबरला पॅरिस येथे सुरक्षा परिषद भरली. अध्यक्षपदी ब्रिटनचे सर अलेक्झांडर कॅडोगन होते. हैदराबादतर्फे नवाब मोईन नवाज जंग, भारतातर्फे सर रामस्वामी मुदलियार. मुदलियारांचा मुद्दा कायद्याचा होता. पस्तिसाव्या कलमात ‘राज्य’ असा शब्द आहे. हैदराबाद हे आंतरराष्ट्रीय अर्थाने राज्य कधीच नव्हते. इंग्रजांच्या काळी नव्हते आणि नंतरही नाही. रीडिंगच्या पत्राची आठवण येथे होते. विषय कार्यक्रमपत्रिकेवर घ्यावा असे आठ मतांनी ठरले. विरोधी मत एकही नव्हते. रशिया, युक्रेन आणि चीन तटस्थ राहिले. परिषद म्हणाली की ऐकू. हैदराबाद राज्य आहे की नाही हे तिने ठरविले नाही.

दुसऱ्या दिवशी, १७ सप्टेंबरला, निजामाने शरणागती जाहीर केली. १८ तारखेला जनरल एल् एद्रूस यांनी मेजर जनरल चौधरींपुढे रीतसर शस्त्रे खाली ठेवली. २२ सप्टेंबरला निजामाची तार परिषदेकडे गेली की, तक्रार मागे घेतली आहे आणि शिष्टमंडळाला आता अधिकार नाही. ज्याने फिर्याद लावली त्यानेच ती काढून घेतली, आणि मोईन नवाज जंग पॅरिसमध्ये कोणाचे वकील उरले ते त्यांनाच सांगता येईना.

तक्रार का पडली

फौज आली म्हणून तक्रार पडली, असे उत्तर सोपे आहे. परंतु मला ते अपुरे वाटते. फौज येण्याआधीच तिच्यातला जीव गेला होता. याची कारणे मी तीन मानतो.

पहिले कारण उशीर. वाद लहान होता तेव्हा, डिसेंबर-जानेवारीत, चलनाचा आणि रोख्यांचा प्रश्न लवादापुढे ठेवता आला असता. जैसे थे करारावर सही करून स्वतःच नव्या गोष्टी सुरू केल्यावर पुढे लवादाचे नाव काढले तरी समोरच्याचा विश्वास बसत नाही. आणि प्रश्न जेव्हा संस्थान राहणार की नाही येथवर येतो, तेव्हा लवादावर कोणीच अवलंबून राहत नाही. दिल्लीनेही तो मार्ग मनावर घेतला नाही, हे सांगितले पाहिजे. लवादाचे कलम वादाच्या पहिल्या आठवड्यात उपयोगी पडते, शेवटच्या आठवड्यात नाही.

दुसरे कारण असे की, बोलणाऱ्याच्या हाती स्वतःचे घर नव्हते. ऑक्टोबर १९४७ मध्ये निजामाचे शिष्टमंडळ दिल्लीला सहीसाठी निघणार त्या पहाटे इत्तेहादच्या जमावाने त्यांची घरे वेढली आणि त्यांना जाऊ दिले नाही. दिवाण छत्तारींचे नवाब पायउतार झाले. पुढे लायक अली आले, पण लातूरचे वकील कासीम रझवी जे म्हणतील ते व्हावयाचे. बलिष्ठ शेजाऱ्याशी बोलणाराला ‘आमच्याकडून हे थांबेल’ असे वचन देता आले पाहिजे. रझाकारांचे हल्ले थांबतील असे वचन लायक अलींना देता येत नव्हते.

तिसरे कारण सर्वांत मोठे. संस्थानातली सुमारे पंच्याऐंशी टक्के प्रजा हिंदू होती, पण मी केवळ धर्माची गणती करीत नाही. शोएबुल्लाखान मुसलमान होते. कामगारांचे पुढारी आणि शायर मख्दूम मोहिउद्दीन मुसलमान होते, आणि तेही निजामशाहीविरुद्ध लढत होते. मुद्दा असा की, ‘आम्हाला धोका आहे’ या वाक्यातल्या ‘आम्हाला’ या शब्दात परभणीचा शेतकरी नव्हता, नांदेडचा गिरणी कामगार नव्हता, तेलंगणातला कुळवाडी नव्हता. त्यांना कोणी विचारलेच नव्हते.

हे मला पुस्तकातून उशिरा समजले, अनुभवाने आधी समजले होते. तरुणपणी एका जिनिंग फॅक्टरीच्या मजुरांसाठी मी एक मागणीपत्र तयार केले. कायद्याची पुस्तके नुकतीच वाचलेली. कलमांसह सात पाने टंकलिखित करून घेतली आणि थेट समेट अधिकाऱ्यापुढे नेली. त्या गृहस्थांनी पाने चाळली आणि विचारले, “यातले किती जण तुमच्या मागे आहेत?” मी गेटवर एकही सभा घेतली नव्हती. तारखेला आलेल्या चार मजुरांपैकी दोघे म्हणाले, आम्हाला या कागदाची माहितीच नाही. मागणी रास्त होती, कलमेही बरोबर होती. चूक सर्वस्वी माझी होती, आणि तिची झळ त्या मजुरांना दोन हंगाम लागली. पॅरिसच्या बैठकीची हकीकत वाचताना मला ते समेट अधिकाऱ्यांचे टेबल आठवते.

जिंकणाऱ्याची जबाबदारी

येथवर सांगून थांबलो तर ते अर्धे सत्य होईल. शेजारी बलिष्ठ असला आणि त्याची बाजू न्याय्य असली, तरी त्याच्यावर एक जबाबदारी येते. पोलीस अ‍ॅक्शननंतर संस्थानाच्या अनेक भागांत मुसलमान वस्तीवर सूड उगविला गेला. केंद्र सरकारने पंडित सुंदरलाल आणि काझी अब्दुल गफार यांच्या समितीला चौकशीला पाठविले. १९४८ च्या अखेरीस त्यांनी जिल्ह्याजिल्ह्यांतून फिरून जो अहवाल दिला, त्यात प्राणहानीचा अंदाज सत्तावीस हजार ते चाळीस हजार असा धरला आहे. सर्वांत अधिक झळ लागलेल्या चार जिल्ह्यांत आपल्या मराठवाड्यातले उस्मानाबाद आणि नांदेड होते. हा अहवाल कित्येक दशके कपाटात राहिला. २०१३ साली तो लोकांना पाहावयास मिळाला.

ज्यांनी सुरक्षा परिषदेत ‘हा आमचा घरगुती मामला आहे’ असे सांगितले, त्यांच्यावर घरातल्या सर्वांना सांभाळण्याची जबाबदारी दुप्पट होती. ती पुरी पार पडली नाही. मात्र त्याच अहवालात एक नोंद आहे. त्या धुमश्चक्रीत काही ठिकाणी हिंदूंनी जिवावर उदार होऊन मुसलमानांना वाचविले, आणि ही आपुलकी एका धंद्यातल्या माणसांत विशेष दिसली. हिंदू विणकरांनी आपल्या मुसलमान विणकर भावांचा बचाव केला, काहींनी त्यात प्राणही गमावले. दोन सरकारे ज्याची हमी देऊ शकली नाहीत ती सुरक्षा एका मागाशेजारी बसणाऱ्यांनी दिली.

आज आपण कोणत्या बाजूला

आता हा धडा आजच्या भारताला लावून पाहू. भारत आज दोन्ही भूमिकांत आहे. चीनपुढे तो तक्रार मांडणारा आहे, आणि लहान शेजाऱ्यांपुढे तो स्वतःच बलिष्ठ शेजारी आहे.

२९ एप्रिल १९५४ रोजी तिबेटविषयी चीनशी करार झाला. पंचशील त्याच्याच प्रस्तावनेत आहे. त्या वेळी सीमेचा प्रश्न आपण होऊन काढावयाचा नाही असे आपण ठरविले. पुढे अक्साई चीनमधून रस्ता झाल्यावर ऑक्टोबर १९५८ मध्ये निषेधाचा खलिता गेला, डिसेंबरात पंडित नेहरूंनी चौ एन-लाय यांना पत्र लिहिले, आणि जानेवारी १९५९ मध्ये उत्तर आले की, ही सीमा रीतसर कधी आखलेलीच नाही. लोकांपुढे हा पत्रव्यवहार श्वेतपत्रिकेच्या रूपाने आला तो सप्टेंबर १९५९ मध्ये. उशिरा मांडलेली तक्रार आणि उशिरा विश्वासात घेतलेले लोक, हे दोन्ही दोष १९६२ ला महाग पडले. हैदराबादची आणि भारताची तुलना मी करीत नाही. भारताच्या पाठीशी लोक होते, आणि म्हणूनच तो त्या पराभवातून उभा राहिला.

चिकाटीचे उदाहरण पुढच्या काळातले आहे. मसूद अझहर याचे नाव सुरक्षा परिषदेच्या दहशतवाद्यांच्या यादीत घालावे म्हणून २००९ पासून प्रयत्न झाले. त्या समितीत एका सभासदाने हरकत घेतली तरी प्रस्ताव अडतो, आणि चीन तो वेळोवेळी अडवीत राहिला. अखेर १ मे २०१९ रोजी ते नाव यादीत गेले. दहा वर्षे तोच कागद, अधिकाधिक पुराव्यानिशी आणि अधिकाधिक राष्ट्रे बरोबर घेऊन, पुनःपुन्हा टेबलावर ठेवावा लागला.

आणि लवादाचे काय? दोन उदाहरणे पाहा. फिलिपाइन्सने दक्षिण चिनी समुद्राविषयी चीनविरुद्ध लवाद मागितला. १२ जुलै २०१६ चा निकाल बहुतांशी फिलिपाइन्सच्या बाजूने लागला. चीनने तो मानला नाही. बांगलादेशाने बंगालच्या उपसागरातील हद्दीविषयी भारताविरुद्ध लवाद मागितला. ७ जुलै २०१४ च्या निकालाने वादातल्या २५,६०२ चौरस किलोमीटरपैकी १९,४६७ बांगलादेशाला मिळाले. भारताने तो निकाल स्वीकारला. १९४८ साली जे लवादाचे कलम कागदावरच राहिले, ते पाळण्याचे शहाणपण सहासष्ट वर्षांनी आपल्या देशाने दाखविले, याचा मला मुक्तिदिनाइतकाच अभिमान वाटतो. उद्या चीनसमोर ‘कायद्याने चला’ असे म्हणताना हेच आपल्या कामी येईल.

बंधुभगिनींनो, मुत्सद्दी लोकांची भाषा आपल्याला येत नाही, आणि ती यावयास पाहिजे असेही नाही. परंतु आपल्या नावाने कोठे तक्रार जाते तेव्हा तिच्यात आपण आहोत की नाही, हे विचारण्याचा हक्क आपला आहे. आपल्या शेजाऱ्याकडून तक्रार येते तेव्हा ती वाचून पाहणे हेही आपलेच काम आहे. ऑगस्ट १९४८ मध्ये परभणीच्या माणसाला यांपैकी काहीच करता येत नव्हते. आज ते करता येते. ज्यांनी पैनगंगेपलीकडच्या कॅम्पात पावसाळा काढला, त्यांनी आपल्यासाठी मिळविले ते हेच.